रात्रीचं वादळ अधांतरी उठतं

"ऊन उतरलं, आता काही वळीव येत नाही," असं आपण सहज म्हणून जातो. आपल्याकडच्या वैशाखात ते पुष्कळदा खरंही ठरतं. दुपारी जमीन तापते, तिन्हीसांजेला गडगडाट होतो आणि रात्री आकाश मोकळं. पण अमेरिकेच्या मध्यावर, कॅन्सस-नेब्रास्काच्या मैदानांत, उन्हाळ्यातली वादळं रात्रीच जोर धरतात. ऊन नसताना ढगाला बळ कुठून मिळतं?

वाऱ्यातून. आणि ही गोष्ट मला फार आवडते. दिवसा तापलेली हवा सतत वरखाली घुसळत असते. त्या घुसळणीमुळे जमिनीचं घर्षण किलोमीटरभर उंचीपर्यंत जाणवतं आणि वरचा वाराही अडखळत वाहतो. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्यालगत थंड हवेचा थर बसतो आणि घुसळण थांबते. खाली पान हलत नाही, पण पाच-सहाशे मीटरवरच्या वाऱ्याचा लगाम सुटलेला असतो. तो वेग घेतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळत राहतो. 1957 साली अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ब्लॅकाडार यांनी मांडलं, की घर्षण सुटल्यावर वाऱ्यातला असमतोल, म्हणजे घर्षण नसताना जो समतोल वारा वाहिला असता त्यापासूनचा फरक, वर्तुळात फिरतो. एका फेऱ्याचे तास म्हणजे 12 भागिले अक्षांशाचा साइन. कॅन्ससच्या 38 अंशांवर हे साडेएकोणीस तास होतात. फेरा निम्म्यापर्यंत येता येता वारा समतोल वेगाच्याही पुढे जातो, तोवर मध्यरात्र उलटलेली असते. नागपूरच्या 21 अंशांवर फेरा साडेतेहतीस तासांचा, म्हणजे तो निम्मा व्हायच्या आतच उजाडतं.

कॅन्ससवर रात्री वेग घेणारा हा दक्षिणेचा वारा, म्हणजेच झोत, मेक्सिकोच्या आखाताची वाफ घेऊन येतो. पुढे तो मंदावला किंवा थंड हवेच्या पाचरीवर चढला, की दमट हवा उचलली जाते आणि ढग अधांतरीच उभा राहतो. म्हणून जमिनीलगतच्या तापमानावरून काढलेली वादळाची ताकद रात्री फसवते. खालच्या गार हवेचा आकडा जवळजवळ शून्य येतो आणि किलोमीटरभर वरच्या हवेत भरपूर ऊर्जा साठलेली असते.

अडचण अशी, की वरची हवा मोजणारे नेहमीचे फुगे कॅन्ससमध्ये सकाळी आणि संध्याकाळी सातच्या सुमाराचं मोजमाप देतात. झोत त्यांच्या मधल्या काळात भरात येतो. 2015च्या जून-जुलैत 'पेकॅन' मोहिमेत शास्त्रज्ञांनी हेज गावाभोवती रात्री जागून फुगे सोडले, विमानं उडवली, फिरती रडार लावली, ती याचसाठी.

वीज मात्र दिवस-रात्र पाहत नाही आणि माणूस पायाळू आहे का, हेही पाहत नाही. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आपण आता सोडायला हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं, ते फोनवर ठेवावं.

आज हवामानाचा अंदाज काढणारी, तीन किलोमीटरच्या चौकटींची संगणकीय प्रारूपं अमेरिकेत दर तासाला नव्याने चालवली जातात. झोत कुठवर येईल, हे ती बऱ्यापैकी सांगतात. नेमकं कुठल्या तालुक्यावर ढग फुटेल, इथे अजून चुकतात. वादळातून सुटलेला गार हवेचा लोंढा त्या थंड थरावर आदळतो, थरात लाट उठते आणि ती अंधारात पुढे धावत दूर कुठेतरी नवा ढग उभा करते. त्या लाटेचा ठाव रडारवर ती उमटल्यावरच लागतो, तेव्हा हातात तास-दोन तास उरतात.