पेंढ्याला द्विदल चाऱ्याची जोड: पार्श्वभूमी

पेंढा, भुसा किंवा कडबा निकस असतो याचा दोष आधी तंतूंवर आला. तंतूंमधल्या लिग्निन या कठीण, न पचणाऱ्या घटकाने सेल्युलोज हा पचू शकणारा भाग जखडून ठेवलेला असतो, तो सुटला तर पचन सुधारेल, असा तर्क होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीत धान्यटंचाई असताना अर्न्स्ट बेकमान यांनी पेंढा कॉस्टिक सोड्याच्या सुमारे दीड टक्के द्रावणात भिजवून धुण्याची पद्धत बसवली. पचनीयता खूप वाढली, पण धुताना पाणी अमाप लागे आणि विरघळलेला पोषक भागही त्याबरोबर वाहून जाई.

1970 नंतर युरिया पुढे आला: 100 किलो पेंढा, 4 किलो युरिया, 50 ते 60 लिटर पाणी, आणि सुमारे तीन आठवडे हवाबंद मुरवण. यातून निघणारा अमोनिया तंतू सैल करतो, शिवाय नत्रही देतो. झाकण फाटले की अमोनिया उडून जातो आणि ढिगाला बुरशी लागते. युरिया विकत आणावा लागतो, ही छोट्या पशुपालकाची अडचण वेगळीच.

खरी उणीव मात्र नत्राची होती. तंतू फोडतात ते कोठीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव, आणि त्यांना नत्र लागते. आहारात कच्ची प्रथिने (नत्रावरून मोजलेली एकूण प्रथिने) सुमारे 7 टक्क्यांखाली गेली की ते उपाशी पडतात, पचन मंदावते आणि पोट भरलेले राहिल्याने जनावर खाणेच कमी करते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मिनसन व मिलफर्ड या संशोधकांनी 1967 मध्ये हेच दाखवले. जून पँगोला गवतात थोडे द्विदल, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतीचा प्रथिनयुक्त चारा, मिसळताच मेंढ्यांचे खाणे वाढले.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. 4 टक्के प्रथिनांचा पेंढा 7 किलो आणि 18 टक्क्यांची वाळलेली लसूणघास किंवा चवळी 3 किलो, म्हणजे मिश्रणात 8.2 टक्के. हिरवा पाला वापरायचा तर त्याच 3 किलो शुष्क पदार्थासाठी (पाणी वगळून उरणाऱ्या भागासाठी) सुमारे 12 किलो लागतो, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. द्विदल 30-40 टक्क्यांच्या पुढे नेले की जनावर पेंढा सोडून तेच खाते. मग जोड कसली, तो बदलच झाला.

नुकसान बरेचदा वाळवतानाच होते. प्रथिने पानांत असतात आणि कडक उन्हात उलथापालथ केली की पाने झडून जमिनीवर राहतात. म्हणून दव असताना, सकाळी उलटावे. कुट्टी करून पेंढ्यात नीट मिसळावे, नाहीतर जनावर पाने वेचून काड्या गव्हाणीत टाकते.

सुबाभूळ या द्विदल झाडाच्या पाल्याचा प्रश्न निराळा होता. तिच्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे ऑस्ट्रेलियात गुरांचे केस गळत, गलगंड होई. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला पचवत. संशोधक रेमंड जोन्स यांनी 1980 च्या दशकात त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि विषबाधा आटोक्यात आली. पुढे जोन्स यांच्यावरूनच त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव मिळाले. असे जिवाणू जिथे नाहीत, तिथे सुबाभूळ शुष्क आहाराच्या 30 टक्क्यांच्या आतच ठेवतात.