शेक गळ्याला, घट लिम्फोसाइटची

संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय असो की धाराशिव-बीडकडचे पेशंट जातात ते बार्शीचं, रेडिएशनच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर येतं: “लाईट घेतली की अंगातली प्रतिकारशक्तीच जळून जाते.” पुढं सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट येतो, पांढऱ्या पेशी ५,२०० दिसतात, आणि तेच नातेवाईक निर्धास्त होतात. दोन्ही टोकं चुकीची.

त्याच रिपोर्टात खाली लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंना ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ८ टक्के लिहिलेलं असतं. ५,२०० चे ८ टक्के म्हणजे ४१६. निरोगी प्रौढात हा आकडा साधारण १,००० ते ४,००० असतो; ५०० च्या खाली गेला की घट तीव्र मानतात. एकूण बेरीज न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी सांभाळून घेतात, म्हणून खड्डा दिसत नाही.

लिम्फोसाइटच का? शरीरातल्या बहुतेक पेशी किरणांनी तिथल्या तिथं मरत नाहीत. डीएनए तुटतो, पण पेशी विभागायला निघते तेव्हा ती कोलमडते. लिम्फोसाइट तेवढी वाट बघत नाही. डीएनएचे दोन्ही धागे तुटल्याचा सुगावा लागताच पी-५३ हे प्रथिन स्वनाशाची यंत्रणा चालू करतं आणि काही तासांत पेशी स्वतःच मोडून पडते. ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक. सुमारे २ ग्रे मात्रेला निम्म्या लिम्फोसाइट मरतात, ३ ग्रेला दहातल्या नऊ. आणि गाठीला रोज दिली जाणारी मात्राच १.८ ते २ ग्रे असते.

बरं, झोत तर गळ्यावर, मग साऱ्या अंगातल्या पेशी का घटाव्यात? कारण रक्त थांबत नाही. अंगातलं पाचेक लिटर रक्त मिनिटाभरात एक फेरा मारतं आणि झोत काही मिनिटं चालू असतो. मेंदूच्या गाठीसाठी २ ग्रेचे ३० शेक, म्हणजे रेडिएशनच्या ३० खेपा, धरून २०१३ साली एक गणिती मॉडेल मांडलं गेलं. एका शेकात सुमारे ५ टक्के रक्ताला ०.५ ग्रे लागतात. तिसाव्या शेकापर्यंत ९९ टक्के रक्ताला किमान तेवढी मात्रा लागून गेलेली असते. मेंदूत लिम्फोसाइटचा मुक्काम असणाऱ्या लसिका ग्रंथी नसतात, तरीही हे होतं.

मानेत तर ग्रंथी आहेतच. पायात काटा पिकला की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसिका ग्रंथीच. एकूण लिम्फोसाइटपैकी रक्तात कोणत्याही क्षणी दोनेक टक्केच असतात, बाकीच्या बहुतेक ग्रंथी, प्लीहा, आतडं इथं मुक्कामाला. त्यांतल्या नवख्या टी-पेशी, म्हणजे ज्यांनी अजून कुठला जंतू पाहिलेला नाही अशा, लवकर मरतात. जुनी ओळख जपणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी त्या मानानं चिवट. म्हणजे लहानपणीच्या लसींची शिदोरी पुसली जात नाही. नव्या शत्रूशी ओळख करून घेणं मात्र अवघड जातं. नव्या टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी वयानं आक्रसलेली, त्यामुळं भरपाईला महिने, कधी वर्षं लागतात.

इथंच पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा घरात शिरतो. तुटलेला डीएनए रसानं सांधत नाही, आणि गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशात आहेत. त्याहून महागात पडतो तो “पेशी कमी झाल्या” म्हणून मनानं घेतलेला खाडा: तोंड-गळ्याच्या कर्करोगात उपचार लांबला की वाचलेल्या कर्कपेशी जोमानं वाढू लागतात. थांबायचं का, हे डॉक्टर न्यूट्रोफिल, ताप आणि तोंडातले फोड पाहून ठरवतात.

ग्रंथींचं दुसरं दुखणं उशिरा येतं. मेलेल्या पेशींच्या जागी तंतू धरतात, लसिकेची, म्हणजे ग्रंथींतून वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाची, वाट अरुंद होते, पाणी साठतं. गळ्याच्या पेशंटची हनुवटीखालची सूज सकाळी जास्त असते, म्हणून उशाला उंची द्यावी. काखेचं म्हणाल तर, स्तनाच्या कर्करोगात ग्रंथी काढणं आणि त्यांना शेक देणं यांची तुलना करणाऱ्या युरोपातल्या चाचणीत पाच वर्षांनी हाताची सूज शस्त्रक्रियेच्या गटात २३ टक्के, शेकाच्या गटात ११ टक्के आढळली. दोन्ही झालं असेल तर धोका वाढतो.

काखेचा असा उपचार झालेल्या, कापूस वेचणाऱ्या बाईला हे नीट सांगायला हवं. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडतात, आणि त्या हाताची ग्रंथींची चौकी आता मोडकी आहे. हातमोजे आणि लांब बाह्या घालाव्यात, ओरखडा त्याच दिवशी साबणानं धुवावा, रक्तदाबाचा पट्टा शक्यतो दुसऱ्या दंडाला बांधून घ्यावा. हात लाल, गरम होऊन थंडीताप भरला तर हळदीचा लेप लावत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण अँटिबायोटिक लागतं.