विषारी वनस्पतींची जुनी चित्रं : निवड, फ्रेम आणि नाशिकची हवा

धोतरा, कण्हेर, कळलावी, गुंज, एरंड यांची जुनी चित्रं घरासाठी आमच्याकडे फ्रेम करून मागणारे ग्राहक वाढले आहेत. ही चित्रं मुळात शोभेची नव्हती. वैद्याला, औषधविक्रेत्याला झाड नेमकं ओळखता यावं म्हणून ती काढली गेली. त्यामुळे एकाच कागदावर फांदी, फूल, फळ, बी आणि कापलेल्या बोंडाचा छेद असं सगळं सापडतं. कळलावीचं चांगलं चित्र बघा: पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं, पाकळ्या मागे उलटलेल्या, आणि मधला किंजल (स्त्रीकेसराचा लांब दांडा) मुळाशीच काटकोनात वाकलेला. सगळ्यांत विषारी भाग म्हणजे कंद. तो चित्रात असेल तर तेच चित्र घ्या. बाजारातल्या बऱ्याच प्रती खालचे छेद आणि बिया कापून नुसतं फूल ठेवतात. तसली प्रत आम्ही फ्रेम करायला सुचवत नाही.

मूळ पान की नवी प्रत, हे दहापट भिंगाखाली कळतं. आजच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके फुलासारख्या ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात. जर्मनीत 1887 पासून निघालेल्या क्योलरच्या औषधी वनस्पतींच्या संग्रहातली पानं दगडावरच्या रंगीत छपाईची आहेत. तिथले ठिपके वेडेवाकडे, एकावर एक चढलेले असतात. त्याआधीची बरीच चित्रं ताम्रपटावरची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. त्यांच्या चौफेर पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट उमटलेली असते, आणि हाताने भरलेला रंग कुठे ना कुठे रेषेबाहेर गेलेला असतो. मलबारच्या झाडांवरचा 12 खंडांचा ‘होर्टुस मलाबारिकुस’ 1678 ते 1693 मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला. त्यातल्या बहुतेक पानांना मधोमध घडी असते. छपाई काळ्या शाईची, म्हणजे रंग दिसला तर तो नंतर भरलेला. झाडाचं नाव मात्र रोमन, मल्याळी आणि अरबीबरोबर नागरी लिपीतही आहे. फ्रेम करताना ही अक्षरं माउंटखाली (चित्राभोवतीच्या जाड कागदाच्या चौकटीखाली) झाकू नका, पानाचा जीव तिथे आहे.

हिरव्या रंगाबद्दल सावधान. एकोणिसाव्या शतकात हाताने रंगवलेल्या चित्रांतला गडद हिरवा रंग काही वेळा आर्सेनिकयुक्त असतो (असा एक झळझळीत हिरवा 1814 पासून वापरात आला). काचेआड तो त्रास देत नाही. पण सुटं पान घासून पुसू नका, त्यावर ब्रश फिरवू नका, मुलांच्या हाती देऊ नका. नव्या प्रतींना ही भीती नाही.

नवी प्रत A3 आकारात हवी असेल तर फाइल किमान 3508 × 4961 पिक्सेलची लागते. त्याहून लहान फाइल ताणली की पानांच्या शिरा पुसट होतात, आणि मग या चित्रात उरतं काय? शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि कागद आम्लरहित सुती घ्या. साध्या डाय (विरघळणाऱ्या रंगाच्या) शाईतला लाल रंग उन्हात लवकर उडतो.

फ्रेममध्ये माउंट तीन बाजूंना साडेसहा सेंटिमीटर, खाली साडेसात. A3 साठी बाहेरचं माप साधारण 43 × 56 सेंमी होतं. ताम्रपटाची चौकट असेल तर माउंटची खिडकी तिच्याबाहेर अर्धा सेंटिमीटर ठेवा. कागद वरच्या कडेला दोनच ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने अडकवायचा. चारही बाजू चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगलेल्या कागदाला पसरायला जागा मिळत नाही आणि त्याला लाटा पडतात. सेलोटेपचा डाग तर पुढे निघतच नाही. पाठीला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर मध्ये आम्लरहित बोर्ड घाला, नाहीतर कागद पिवळा पडतो. काच कागदाला टेकता कामा नये.

नाशिकमध्ये खरा शत्रू ओल. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती असोत की गंगापूर रोडवरच्या फ्लॅटची पावसाकडची बाहेरची भिंत, जुलै ते सप्टेंबर फ्रेममागे दमटपणा साचतो. मग बुरशी येते, तांबूस ठिपके पडतात, कसर लागते. आतली भिंत निवडा आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना पाच मिलिमीटरचे रबरी ठोकळे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. पश्चिमेचं ऊन पडणारी भिंत टाळा. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमी वर.

फ्रेमभोवती खऱ्या गुंजा किंवा धोतऱ्याची बोंडं लावून द्याल का, असं विचारलं जातं. आम्ही लावत नाही. अख्खी गुंज कठीण सालीमुळे बहुधा तशीच पोटातून बाहेर पडते. ओवायला भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं, आणि लहान मूल मणी तोंडात घालतंच. चित्रावरून झाड ओळखून घरगुती औषधही करू नका. कोणाच्या पोटात काही गेल्याची शंका आली तर वाट न बघता 108 ला फोन करा आणि झाडाचा तुकडा सोबत न्या.

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम एकदा उतरवून पाठ बघा. काच पुसताना फवारा फडक्यावर मारा, काचेवर नको. पाणी कडेने आत ओघळतं. पाठीमागची टेप सुटली असेल किंवा तांबूस ठिपके दिसले तर फ्रेम न उघडता तशीच आमच्याकडे आणा.