गेन वेगळा, फेडर वेगळा

"आवाज कमी येतोय रे, गेन वाढव जरा." मागच्या बाकावरून ही हाक आली की माझं डोकं फिरतं. आणि त्याहून जास्त फिरतं ते मिक्सरवरचा, म्हणजे सगळे माइक जिथे जोडलेले असतात त्या यंत्रावरचा, पोरगा खरोखरच गेन वाढवतो तेव्हा.

फेडर म्हणजे मिक्सरवरचं खालचं सरकतं बटण, तुम्हाला माहीतच आहे: वर सरकवला की आवाज मोठा, खाली आणला की लहान. गेन म्हणजे चॅनलच्या, म्हणजे एका माइकच्या उभ्या रांगेच्या, अगदी वरचा गोल नॉब. काही मिक्सरवर तिथे 'ट्रिम' लिहिलेलं असतं, त्यात अडकू नका.

घोळ होतो कारण दोन्हींनी हॉलमधला आवाज वाढतो. मग लोक धरून चालतात की एकाच कामाला दोन नॉब दिलेत. पण गेन बघायचा माइककडे पाहून आणि फेडर बघायचा मंडळीकडे पाहून. पाळकसाहेबांच्या माइकमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, तर कीबोर्डचा त्याच्या शेकडो पट. मिक्सरला आत नीट काम करायला साधारण एक व्होल्टाच्या आसपासचा सिग्नल लागतो. दुबळ्याला तिथवर उचलायचं आणि दांडग्याला फार उचलायचं नाही, एवढंच गेनचं काम. आणि ते फेडरच्या आधी होतं.

हा 'आधी' शब्द डोक्यात बसला की बाकीचं आपोआप सुटतं. गेन जास्त झाला, लाल दिवा लागला आणि आवाज तिथेच फाटला, तर नंतर फेडर कितीही खाली ओढा. नासलेलं दूध पातेल्यातून वाटीत घेतलं म्हणून ते कमी नासलेलं होत नाही. उलट गेन फारच कमी ठेवून फेडर आणि अॅम्प्लिफायर वर चढवले, तर आवाजाबरोबर मिक्सरची 'सुऽऽ'ही चढते आणि प्रार्थनेच्या शांततेत ती सगळ्यांना ऐकू येते.

पण खरी फजिती मॉनिटरची. गाणाऱ्यांच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरला जाणारा सिग्नल बहुतेक वेळा फेडरच्या आधी काढलेला असतो. शास्त्रपाठ वाचायला एक ताई येतात, हळू आवाजाच्या. पोरगा फेडरऐवजी गेन वाढवतो. हॉलमध्ये ताई ऐकू येतात खऱ्या, पण त्याच क्षणी मॉनिटरमध्येही त्या तेवढ्याच चढतात, तो आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. ताई दचकून मागे सरकतात. माइक तोंडापासून 5 सेंटिमीटरवरून 10 वर गेला की साधारण 6 डेसिबल गेलेच. मग पोरगा अजून गेन देतो.

यातूनच एक खुळी समजूत निघाली आहे: शिट्टी गेनमुळे येते, फेडरमुळे नाही. हॉलच्या स्पीकरपुरतं बोलायचं तर गेनने 6 डेसिबल वाढवा की फेडरने, शिट्टीला दोन्ही सारखेच. गेन फक्त मॉनिटरलाही सोबत ओढतो, म्हणून बदनाम होतो.

लावायचा कसा? चॅनलवरचं पीएफएलचं ('प्री-फेडर लिसन') बटण दाबा, मीटर बघा. पीएफएल फेडरच्या आधीचा सिग्नल दाखवतो, म्हणून गेन लावताना तोच बघायचा. अॅनालॉग मिक्सरवर नेहमीचं बोलणं 0 च्या आसपास, डिजिटलवर -18 च्या आसपास, जोराच्या शब्दाला -10 पर्यंत गेलं तरी चालेल. डिजिटलवर 0 म्हणजे छप्पर, त्याच्यावर काही नाही. आणि कृपा करून 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' नको. असा संदेश कुणीच देत नाही. पाळकसाहेबांना सांगा, आजच्या संदेशातली सगळ्यात तावातावाची दोन वाक्यं म्हणा. पेटी-तबल्यालाही तेच: भजन शेवटी चढतं तसं वाजवून घ्या.

फेडर आधी 0 वर ठेवून मग कानाने गेन लावणारेही आहेत. मला ते पटत नाही. छोट्या हॉलमध्ये अशाने ढोलकीचा गेन इतका खाली जातो की रेकॉर्डिंगमध्ये ती सापडतच नाही. फेडर 0 जवळ असावा हे मात्र खरं, कारण तिथे बोटाच्या रुंदीएवढ्या हालचालीत पाच-सात डेसिबल बदलतात, तळाशी तेवढ्यातच वीस-तीस. म्हणून सगळे फेडर तळाशी रांगत असतील, तर मी आधी अॅम्प्लिफायर कमी करतो.

गेन ठरला की नॉबच्या रांगेवर मी मास्किंग टेप चिकटवतो. तरुण संघातल्या काहींना तो अपमान वाटतो. वाटू दे. एका नाताळात कुणीतरी टेप सोलून पेटीचा गेन फिरवला होता. फेडर सगळे जागच्या जागी, त्यामुळे चूक कुठे आहे ते शोधण्यात दोन गाणी गेली.