रुग्णालयाचं धुराडं

रुग्णालयही प्रदूषण करतं, हे मान्य करायला वैद्यकीय जगाला विसावं शतक सरत यावं लागलं. तोवर हिशेब सोपा होता: बाहेरची घाण माणसाला आजारी पाडते आणि डॉक्टर त्याला बरं करतात. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा माग काढत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप गाठला आणि त्याचा दांडा काढायला लावला. १९५२ च्या डिसेंबरात त्याच शहरावर धुरकं पाच दिवस ठाण मांडून बसलं. सुरुवातीच्या अंदाजातच चार हजार बळी होते. जपानमधल्या मिनामाताला कारखान्याच्या पाऱ्याने ग्रासलं. आरोपी दर वेळी बाहेरचा.

‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर रुळवणाऱ्या १९८७ च्या अहवालामागच्या आयोगाच्या अध्यक्षा, ग्रो हार्लेम ब्रुंटलँड, पेशाने डॉक्टर. पुढे त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक झाल्या. तरी रुग्णालयांनी स्वतःकडे पाहिलं ते एका अडचणीच्या यादीमुळे.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने डायॉक्सिन या विषारी रसायनाचा उगम शोधला, तेव्हा वैद्यकीय कचरा जाळणाऱ्या भट्ट्या यादीत सगळ्यात वर निघाल्या. सलाइनच्या पिशव्या, नळ्या असं पीव्हीसी प्लॅस्टिक जळालं की डायॉक्सिन तयार होतं. कॅन्सरचे उपचार खाली आणि कॅन्सरला कारण ठरणारा धूर वर, एकाच आवारात! खरं तर रुग्णालयाचा सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्यासारखाच साधा असतो. तो वेगळा न काढता सरसकट भट्टीत जायचा. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक भट्ट्या बंद झाल्या. मग पाळी आली थर्मामीटरची. फुटला की फरशीवर पळणारे ते चकचकीत मणी म्हणजे तोच मिनामाताचा पारा. पाऱ्यावरच्या २०१३ च्या जागतिक करारालाही त्याच गावाचं नाव आहे; पाऱ्याच्या थर्मामीटरचं उत्पादन थांबवण्यासाठी त्यात २०२० ची मुदत होती.

दम्याच्या पंपाची कथा जरा चमत्कारिक. ओझोनच्या थराला भोक पाडणारे वायू त्यातून काढले आणि नवे घातले; ते ओझोनला निर्धोक, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. भुलेसाठीचा डेसफ्लुरेन तर सुमारे अडीच हजार पट. रुग्णाच्या शरीरात तो जवळपास वापरलाच जात नाही. श्वासाबरोबर बाहेर येतो आणि नळीवाटे थेट छतावरून हवेत. २०२३ मध्ये स्कॉटलंडने त्याचा वापर थांबवला.

२०१९ च्या एका अभ्यासाने तापमान वाढवणाऱ्या वायूंच्या जगातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के काढला. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने स्वतःचं थेट उत्सर्जन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचं ठरवलं. तिथे नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे भुलेसाठीच्याच आणखी एका तापमान वाढवणाऱ्या वायूचा, माग घेतला, तर काही रुग्णालयांत बहुतेक वायू रुग्णापर्यंत पोचतच नव्हता, वाटेतल्या पाइपांतूनच गळून जात होता. आता तिथे पाइप बंद करून खाटेजवळ छोटे सिलिंडर ठेवतात.