आभा कार्ड म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे

शिबिरात आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) कार्ड हातात ठेवताना ‘जपून ठेवा, ५ लाखांचे कार्ड आहे’ असे जे बिनदिक्कत सांगितले जाते, ते आता थांबायला हवे. ५ लाखांचे ते आयुष्मान कार्ड, आणि ते बहुतेकांना ठाऊक आहे. ते कार्ड ज्या योजनेचे, त्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या कुटुंबाला अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाते. त्याबद्दल एवढे पुरे.

आभा मात्र एका रुपयाचाही हक्क देत नाही. तो केवळ आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीचा १४ अंकी खाते क्रमांक आहे. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो, कोणालाही तो आधारवरून फुकट काढता येतो, आणि म्हणूनच तो मिळाला याचा अर्थ आपले कुटुंब योजनेत बसले असा होत नाही. शाहूवाडी किंवा गगनबावड्याहून रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक कोल्हापुरातल्या रुग्णालयात आरोग्यमित्रासमोर (योजनेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर) लॅमिनेशन केलेले आभा कार्ड मोठ्या विश्वासाने ठेवतात, रेशनकार्ड मात्र घरच्या ट्रंकेत राहिलेले असते. मग शस्त्रक्रियेच्या मंजुरीची कागदपत्रे आणायला कोणाला तरी पुन्हा गावची एसटी धरावी लागते. हा हेलपाटा त्या कुटुंबाच्या अडाणीपणाचा नाही, चुकीचे सांगणाऱ्यांचा आहे.

आभा काढला की जुने रिपोर्ट आपोआप त्यात जमा होतात, हा समजही तितकाच चुकीचा आहे. कागद एखाद्या सरकारी कोठारात जात नाहीत. ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने ते तयार केले, तिथेच राहतात. त्या रुग्णालयाने नोंद संगणकावर करून आभाशी जोडली, तरच ती रुग्णाला मोबाइलवर दिसते, आणि दुसऱ्या डॉक्टरांना ती रुग्णाच्या संमतीने, ठरावीक मुदतीपुरतीच पाहता येते. ही संमती मागेही घेता येते. जिथे केसपेपर अजून पेनानेच लिहिला जातो, तिथली नोंद आभात उमटत नाही; म्हणून आभा काढला तरी कागदांची पिशवी टाकून देऊ नये.

आभाचा खरा उपयोग व्हायला हवा तो फिरतीवर जगणाऱ्यांना. हंगामात शिरोळ-हातकणंगल्याच्या फडांवर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजूर स्त्रीची गरोदरपणातली पहिली तपासणी एका जिल्ह्यात आणि बाळंतपण दुसऱ्याच जिल्ह्यात होऊ शकते, आणि तिथल्या डॉक्टरांना तिचा रक्तगट व आधीच्या तपासण्या लगेच कळणे मोलाचे असते. मात्र आभा काढताना मुकादमाचा किंवा शिबिरातल्या कार्यकर्त्याचा मोबाइल नंबर दिला, तर संमतीसाठी लागणारा ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. नंबर तिचा स्वतःचा असावा, आणि तिच्याकडे फोन नसेल तर तिने स्वतः निवडलेल्या घरच्या माणसाचा.