जॉर्ज इन, नॉर्टन सेंट फिलिप

इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीतील, बाथच्या दक्षिणेस सु. १० किमी.वर असलेल्या नॉर्टन सेंट फिलिप या गावातील मध्ययुगीन इन. ‘इन’ म्हणजे वाटसरूंना जेवण, मुक्काम व घोड्यांना तबेला देणारे ठिकाण, साधारणपणे आपल्याकडील सराईसारखे. नुसते पेय विकणारे ‘एलहाउस’ हा वेगळा प्रकार. पुढे हे दोन्ही ‘पब’ या एकाच नावाखाली आले. जॉर्जच्या कालनिर्णयात मात्र हा भेद विसरून चालत नाही.

येथे १३९७ पासून मद्यविक्रीचा परवाना आहे, असा दावा केला जातो. तो शब्दशः घेणे कठीण आहे. शांतिरक्षक न्यायाधीशांकडून परवाना घेण्याची कायदेशीर सक्ती १५५२ च्या कायद्याने आली व तीही प्रामुख्याने एलहाउसना उद्देशून होती. त्यामुळे चौदाव्या शतकात पाहुण्यांची सोय होत असली, तरी आजच्या अर्थाचा परवाना तेव्हा असणे संभवत नाही. ‘ब्रिटनमधील सर्वांत जुना पब’ हा मान सांगणारी इतरही ठिकाणे आहेत. सेंट ऑल्बन्सच्या ‘फायटिंग कॉक्स’चा दावा तर आठव्या शतकापर्यंत मागे जातो. अशा दाव्यांत जागेचे वय, इमारतीचे वय व व्यवसायाचे वय यांची गल्लत झालेली असते.

जवळच्या हिंटन येथील कार्थुजियन (एकांतवासी ख्रिस्ती साधूंचा पंथ) मठाशी या इमारतीचा संबंध सर्वमान्य आहे. मठ बांधला जात असताना साधूंच्या तात्पुरत्या निवासासाठी ती उभारली, ही कथा प्रचलित असली तरी मठाची स्थापना सु. १२३२ ची आणि इमारत चौदाव्या-पंधराव्या शतकांतील असल्याने ती जुळत नाही. मठाच्या लोकर-जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी निवास व मालाचे कोठार, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तळमजला दगडी असून त्यावरील लाकडी चौकटीचे दोन मजले प्रत्येकी खालच्या मजल्यापुढे झुकलेले आहेत. ते बहुधा पंधराव्या शतकात चढवले असावेत. मागे अंगण व त्यावर उघडणारा सज्जा आहे. १५३९ मध्ये मठ विसर्जित झाला, पण इन चालू राहिली.

१२ जून १६६८ रोजी दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस याने बाथला जाताना या गावी दहा शिलिंगांत उत्तम जेवण घेतल्याची नोंद केली आहे. जून १६८५ च्या अखेरीस राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध बंड पुकारलेल्या ड्यूक ऑफ मॉनमथ याचा तळ गावात पडला व जॉर्ज हे त्याचे मुख्यालय होते. २७ जूनला राजाच्या सैन्याच्या आघाडीशी गावच्या अरुंद वाटांत चकमक झाली. ६ जुलैला सेजमूर येथे बंड मोडले. खिडकीतील मॉनमथवर गोळी झाडली गेल्याची आख्यायिका आहे. बंडखोरांवर खटले चालवणाऱ्या न्यायाधीश जेफ्रीझने येथे न्यायालय भरवले, असेही सांगतात. परंतु या भागातील त्याचे खटले टाँटन व वेल्स येथे चालले. शिक्षा मात्र गावोगावी अमलात आणल्या जात आणि या गावात बारा जणांना फाशी दिल्याचे मानले जाते. न्यायालयाची कथा त्यातूनच वाढली असावी.

ही इमारत प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू असून पब आजही चालू आहे.